सोडणार नाही म्हणाले होते: नवशिक्यांच्या बॅचमधलं एक प्रकरण

२०२२ च्या उन्हाळ्यात सांगलीतल्या एका जलतरण तलावावर महिलांच्या बॅचमध्ये जे घडलं, त्याची ही नोंद आहे. तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे यातल्या काही चुका थेट माझ्या आहेत. तलावाचं नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून वय, नोकरी असे तपशील थोडे बदलले आहेत. बॅचमधल्या सगळ्याजणी ज्यांना काकू म्हणायच्या त्यांना इथेही काकूच म्हणतो. शिकवणारा मुलगा म्हणजे सर. आणि बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची व्यवस्था बघायच्या त्या आक्का.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या गावांत पोहायला शिकवायची रीत ठरलेली होती. पाठीला रिकामा डबा बांधायचा, नाहीतर वाळलेला भोपळा, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा. कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक चुलत्याच्या नाहीतर थोरल्या भावाच्या हातात. आठ-पंधरा दिवसांत पोरगं पाण्याला सरावलं की डबा सुटायचा. मी असाच विहिरीत शिकलो. पण ही रीत पोरांसाठी होती. नदीकाठी जन्म गेलेल्या, घाटावर रोज धुणं धुणाऱ्या कितीतरी बायकांना पाण्यात दोन हातही मारता येत नाहीत. त्यांना कुणी शिकवलंच नाही.

तलावावरच्या महिलांच्या बॅचला म्हणून मला फार मोल वाटायचं. सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा, एकवीस दिवसांचा कोर्स. एप्रिलच्या बॅचला सोळाजणी होत्या. शिकवायला एक प्रशिक्षक, काठावर एक जीवरक्षक. तलाव पंचवीस मीटरचा, एका टोकाला साडेतीन फूट आणि उतरत उतरत दुसऱ्या टोकाला साडेसहा फूट.

प्रशिक्षक म्हणून मी आमच्याकडचा सगळ्यात चांगला पोहणारा मुलगा दिला. चोवीस वर्षांचा, राज्यस्तरीय स्पर्धा केलेला, अंगाने सडपातळ, उंची पाच फूट अकरा इंच. पाण्यात उतरला की बघत राहावं असा. लहान मुलांच्या बॅचमध्ये तो लाडका होता. जो उत्तम पोहतो तो उत्तम शिकवील, असं मी धरून चाललो. याचा विचारही केला नाही, कारण सगळीकडे असंच करतात.

काकू शेहेचाळीस वर्षांच्या, शाळेत क्लार्क. उंची चार फूट अकरा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. त्या दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली होती. धोक्याची खूण पंचेचाळीस फुटांवर आहे, यावरून काय ते समजावं. काकू दोन रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर होत्या आणि तिसऱ्या दिवशी नावेतून बाहेर आल्या. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून माणसं गेली. ती बातमी काकूंनी नावेतून उतरल्यावर ऐकली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा त्यांनी ठरवलं की पोहायला शिकायचंच.

यातलं काहीही आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या फॉर्मवर नाव, वय, मोबाईल, रक्तगट आणि डॉक्टरांचा दाखला एवढंच होतं.

अडचण

पहिले पाच दिवस वरून सगळं ठीक चाललं होतं. काठाचा पाईप धरून पाय मारणं, मग तरंगणारा बोर्ड धरून पाय मारणं. काकू जीव तोडून पाय मारायच्या. सर त्यांचं कौतुक करायचे, बाकीच्यांना म्हणायचे, काकूंकडे बघा. पण या पाच दिवसांत काकूंनी एकदाही पूर्ण तोंड पाण्यात घातलं नव्हतं. मान वर ताठ, दात आवळलेले. पंचेचाळीस मिनिटं सोळाजणींत वाटली तर एकीच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. तेवढ्या वेळात सरांना पायांचा फेस दिसला, तोंड दिसलं नाही.

सहाव्या दिवशी सरांनी बोर्ड काढून घेतला. काकूंचे दोन्ही हात धरून ते उलटे चालत गेले, साडेतीन फुटांतून चार फुटांकडे. निघताना काकूंनी विचारलं होतं, "सोडणार नाही ना?" सर म्हणाले, "नाही सोडणार काकू, बिनधास्त या." आणि सहा-सात पावलांवर त्यांनी हात सोडले.

हे त्यांनी वाईट हेतूने केलं नाही. सायकल शिकवताना मागून कॅरियर सोडतात तसं. कळू द्यायचं नाही, म्हणजे माणूस आपोआप पुढे जातो. त्यांना स्वतःला लहानपणी असंच शिकवलं होतं आणि ते पुढे गेले होते.

काकू पुढे गेल्या नाहीत. हात सुटल्याबरोबर त्यांनी डोकं वर काढायचा प्रयत्न केला. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पाण्याबाहेर उचललं की तेवढं वजन खालच्या शरीराला पेलावं लागतं, आणि कंबर, पाय खाली जातात. काकू धड आडव्या राहिल्या नाहीत, धड उभ्याही झाल्या नाहीत. नाकातोंडात पाणी गेलं. सरांनी त्यांना उचललं तोवर चार-पाच सेकंद गेले असतील. त्या चार-पाच सेकंदांत काकूंच्या तोंडून आवाज निघाला नाही. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण आहे. श्वासालाच जागा नसते, ओरडणार कशाने? पण काठावरून बघणाऱ्यांना ती धडपड गमतीची वाटली. दोघीतिघी हसल्या. सरही हसून म्हणाले, "काकू, चारच फूट आहे, उभ्या राहा की!"

काकू शिडीने वर गेल्या आणि बाकावर बसल्या.

मला हे तीन दिवसांनी कळलं, आणि तेही हजेरीच्या वहीवरून नाही. काकूंची रोज सही होती. पण नवव्या दिवशी मी बॅच सुटताना फाटकाशी उभा होतो आणि सगळ्याजणींमध्ये एकट्या काकूंचे केस कोरडे होते. त्या येत होत्या, कॉश्च्युम घालत होत्या, कॅपसुद्धा घालत होत्या आणि बाकावर बसून परत जात होत्या. आक्कांना हे माहीत होतं. आक्कांना कुणी विचारलं नव्हतं.

मी काकूंना ऑफिसात बोलावलं. फी परत हवी आहे का, असं विचारून बसलो. त्या म्हणाल्या, "फीचं राहू दे. पाण्याचंसुद्धा राहू दे. सोडणार नाही म्हणाले होते ते."

मग पुराचं सगळं बोलल्या. नावेत बसल्यावर त्यांनी कडा इतकी घट्ट धरली होती की उतरताना बोटं उघडेनात. आणि एक गोष्ट त्यांनी फार संकोचाने सांगितली: सर पाठीखाली हात द्यायचे तेव्हा त्या आणखी ताठ व्हायच्या. मुलगा चांगला आहे, त्याच्या मनात काही नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी परक्या पुरुषाचा हात. सोळाजणींसमोर हे सांगणार कसं?

चार फुटांत उभं का राहता येत नाही

इथे जरा थांबतो, कारण "चारच फूट आहे" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोललो आहे.

चार फूट पाणी सरांच्या छातीला लागतं. चार फूट अकरा इंचांच्या काकूंच्या ते खांद्याला लागतं. फरक फक्त उंचीचा नाही. कमरेइतक्या पाण्यात तळपायावर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं, मानेइतक्या पाण्यात दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे सर जमिनीवर पाय रोवून उभे होते आणि काकूंचे पाय फरशीवर टेकले तरी धरत नव्हते. एकाच जागी उभी असलेली दोन माणसं दोन वेगळ्या पाण्यांत होती.

त्यात काकू आडव्या होत्या. आडव्या अंगाने पालथं तरंगत असताना उभं राहणं ही शिकायची गोष्ट आहे, आपोआप येत नाही. गुडघे छातीकडे ओढून घ्यायचे, तळहातांनी पाणी खाली दाबायचं, मग डोकं वर आणि शेवटी पाय खाली. क्रम उलटा झाला, आधी डोकं वर काढलं, तर पाय मागे लोंबत राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. पाच वर्षांच्या मुलाला हे दोन दिवसांत जमतं, कारण ते खेळताना शंभर वेळा पडतं आणि उठतं. शेहेचाळीस वर्षांची बाई खेळत नाही. तिला कुणीतरी तुकडे करून दाखवावं लागतं. आमच्या एकवीस दिवसांच्या कोर्समध्ये उभं राहण्यासाठी एक तासही ठेवलेला नव्हता.

समोरचे पर्याय

फी परत करून विषय मिटवता आला असता. काकू तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. पण मग त्या पुन्हा कुठल्याच पाण्यात उतरल्या नसत्या, याची मला खात्री होती.

दुसरा पर्याय होता त्याच सरांकडून एकटीला वेगळा वेळ देण्याचा. सर तयार होते, त्यांना फार वाईट वाटलं होतं. पण ज्याच्या हातून विश्वास गेला त्याच्याच हातात लगेच परत द्यायचं मला पटलं नाही. मी स्वतः शिकवावं तर परक्या पुरुषाचा प्रश्न तसाच राहत होता.

तिसरा पर्याय ट्यूबचा. गावाकडचा डबा, आजची फुगवायची ट्यूब, दंडाला लावायचे फुगे, सगळे एकाच जातीचे. त्यांनी माणूस बुडत नाही हे खरं, आणि विहिरीत, जिथे पाय टेकायला जागाच नसते तिथे, त्यांना पर्यायही नव्हता. पण फुगा वरचं अंग धरून ठेवतो आणि पाय खाली लोंबतात. शरीराला उभं राहायची सवय लागते, आणि तरंगायला तर आडवं व्हावं लागतं. शिवाय काकूंचा भरवसा फुग्यावर बसला असता, पाण्यावर नाही. मी ट्यूब नको म्हणालो. आजही त्यांच्यासाठी नकोच म्हणेन.

चौथा पर्याय आक्कांचा होता, आणि त्यावर मी रात्रभर विचार केला. आक्का नदीकाठच्या गावच्या, साठीच्या जवळ आलेल्या, वडिलांनी भावांबरोबर नदीत शिकवलेल्या. तलाव बंद झाल्यावर कधीतरी पाण्यात उतरायच्या. मान वर काढून संथ पोहायच्या आणि बराच वेळ नुसत्या पाठीवर पडून राहायच्या. स्पर्धेच्या हिशेबात त्यांचं पोहणं कशातच बसत नव्हतं. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र नव्हतं. काही कमीजास्त झालं असतं तर उत्तर मला द्यावं लागलं असतं. पण काकू नऊ दिवसांत ज्या एका माणसाशी मोकळेपणाने बोलल्या होत्या त्या आक्काच होत्या.

आम्ही काय केलं

बॅच संपल्यावर पाऊण तास, फक्त साडेतीन फुटांत, काकूंबरोबर आक्का पाण्यात उतरतील. जीवरक्षक काठावर राहील. सर त्याच पाण्यात चार हात अंतरावर उभे राहतील, बघतील, हात लावणार नाहीत. काय शिकवायचं ते मी रोज ठरवीन, कसं ते आक्का बघतील.

आक्कांनी पहिल्या दिवशी पाण्यात उतरायच्या आधी एकच गोष्ट सांगितली. "ताई, म्या सोडणार न्हाई म्हणलं की न्हाई. सोडायचं आसंल तर आदी सांगीन. आन् तुमी सोडा म्हणल्याबिगर सांगणार बी न्हाई." मी बारा-पंधरा वर्षं शिकवत होतो. इतका स्वच्छ करार मी कुठल्या शिकणाऱ्याशी केल्याचं मला आठवत नाही.

पहिले दोन दिवस फक्त उभं राहणं. पाईप धरून आडवं व्हायचं, गुडघे पोटाशी, हात खाली दाब, डोकं वर, पाय टेक. मी काठावर मोजत होतो, पहिल्या दिवशी त्रेचाळीस वेळा झालं. पोहणं म्हणावं असं काहीच नाही. काकू तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की आता निदान परत कसं यायचं ते माहीत आहे.

मग श्वास. तोंड पाण्यात घालायला लोक घाबरतात ते बहुतेकदा नाकात पाणी जाईल म्हणून. श्वास रोखून तोंड आत घातलं की छाती भरून येते, गुदमरायला होतं आणि माणूस घाईने वर येतो. त्या गुदमरण्यामागे हवा संपणं कमी आणि आत साठलेला वायू बाहेर न गेल्याची घालमेल जास्त असते. आम्ही तलावावर "बुडबुडे काढा" असं शिकवतो, आणि पुष्कळजण गाल फुगवून तोंडाने जेमतेम फुंकतात. आक्कांनी काकूंना ओठ मिटून गुणगुणायला लावलं. काकूंना हरिपाठ पाठ होता. ओठ मिटून चाल धरली की हवा नाकातूनच बाहेर पडते, आणि बाहेर पडणारी हवा पाण्याला आत येऊ देत नाही. काकू काठाला धरून, पाण्यात तोंड घालून, हरिपाठाची एकेक ओळ गुणगुणून वर यायच्या. चौथ्या दिवशी दोन ओळी झाल्या.

पाठीवर तरंगताना वेगळीच अडचण निघाली. काकूंचं डोकं आक्कांच्या खांद्यावर, आक्कांचा हात पाठीखाली. अंग सैल व्हायला लागलं की कान पाण्यात जायचे आणि काकू दचकून बसत्या व्हायच्या. दोन दिवस हेच चाललं. शेवटी काकूंनीच सांगितलं की कान बुडले की आक्कांचा आवाज बंद होतो आणि त्यांना वाटतं की आक्का गेल्या. मग खूण ठरली. खांद्यावर एक थाप म्हणजे मी आहे. दोन थापा म्हणजे आता हात काढते, मनात तीन मोजा, परत धरते. दोन थापा काकूंनी मान हलवल्यावरच.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही खूण आहे. आक्कांनी ती पुस्तकातून आणली नव्हती. पुढे मी हॅलिविक पद्धतीबद्दल वाचलं. लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींसाठी जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ पासून ती बसवली. तिच्यात फुगे वापरत नाहीत, एका शिकणाऱ्यामागे एक शिकवणारा असतो, आणि हातपाय मारण्याच्या कितीतरी आधी पाण्याशी मन जुळवणं आणि अंगाचं वळणं सांभाळणं, म्हणजे उलथं-पालथं होऊन परत स्थिर होणं, हे शिकवतात. वाचताना मला आक्का दिसत होत्या.

आक्कांबरोबरच्या सहाव्या दिवशी काकूंनी मान हलवली. दोन थापा. आक्कांनी हात काढला. काकू तीन मोजेपर्यंत राहिल्या, आक्कांनी पुन्हा हात दिला आणि एक थाप मारली. दोन दिवसांनी सात सेकंद. कोर्सच्या शेवटच्या दिवशी काकू पाठीवर मिनिटभर पडून राहिल्या, स्वतःच्या स्वतः पालथ्या झाल्या, गुडघे ओढले आणि उभ्या राहिल्या. एकवीस दिवसांत त्यांना एक मीटरही पोहता येत नव्हतं.

सरांचं काय झालं

सर तीन दिवस नुसते उभे राहिले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "मला सांगताच येत नाही सर, मी उभा कसा राहतो ते." खरंच होतं. पाच वर्षांचे असताना शिकले ते अंगात मुरून गेलं होतं. मी त्यांना पाण्यात तेच सावकाश करायला लावलं, एकेका हालचालीला थांबून. मग छातीतली सगळी हवा सोडून तरंगायला सांगितलं. ते सरळ खाली गेले. छाती भरून घेतली तेव्हा वरचं अंग राहिलं, पण पाय खाली गेलेच. सडपातळ, पिळदार अंगाच्या पुरुषाचं असंच होतं. छातीत हवा असते, ती वर धरते, आणि स्नायूंनी भरलेले पाय जड पडतात. काकूंचं अंग त्यांच्यापेक्षा कितीतरी सहज तरंगत होतं.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ते सोळाजणींना रोज "पाय जोरात मारा" सांगत होते, ते स्वतःचे पाय बुडतात म्हणून. काकूंना जोरात पाय मारायची गरजच नव्हती. त्यांना थांबायची गरज होती. हे कळल्यावर तो मुलगा काठावर बसून बराच वेळ गप्प होता. मला त्याचा फार अभिमान वाटला.

त्यांना नवशिक्यांच्या बॅचमधून काढावं असं व्यवस्थापनातल्या एकाने सुचवलं होतं. मी नाही म्हणालो. चूक करून ती समजलेला शिक्षक मला हवा होता.

परिणाम

काकू मेच्या बॅचला पुन्हा आल्या. पाठीवर राहून, हातांनी बाजूचं पाणी हलकं ढकलत, बारा मीटरपर्यंत जाऊ लागल्या. मान वर ठेवून ब्रेस्टस्ट्रोकसारखं काहीतरी दहाएक मीटर जमलं. खोल बाजूला त्या उन्हाळ्यात एकट्या गेल्या नाहीत, आणि आम्ही आग्रह केला नाही.

त्यांचा मूळ हेतू पुराचा होता, म्हणून एक गोष्ट मी त्यांना दोनदा बसवून सांगितली. तलावातलं तरंगणं पुराच्या पाण्यात तसंच उपयोगी पडेल असं समजू नये. पूर वाहतो, त्यात फांद्या, तारा, वाहून आलेलं सामान असतं, पाणी गढूळ असतं. तिथे आधी लाईफ जॅकेट, तेही नावेत पाय ठेवण्यापूर्वी. पोहता येण्याने एवढंच होतं की अचानक पाण्यात पडलं तर पहिल्या मिनिटात माणूस घाबरून सगळा दम घालवत नाही. काकू म्हणाल्या, "तेवढंच पाहिजे होतं मला."

बॅचच्या सोळाजणींपैकी काकूंखेरीज चारजणी मध्येच बंद झाल्या होत्या. दरवर्षी तेवढ्या होतातच म्हणून आम्ही कधी विचारलं नव्हतं. या वेळी चौघींना फोन केले. एकीची बदली झाली होती, एकीच्या घरी आजारपण होतं. उरलेल्या दोघींनी सांगितलं की त्यांचाही हात न सांगता सुटला होता. त्या दोघी मेमध्ये परत आल्या.

सर बदलले, पण सरळ रेषेत नाही. मेच्या बॅचमध्ये ते इतके जपायला लागले की पंधराव्या दिवसापर्यंत कुणाचाच हात सोडेनात. कॉलेजच्या दोन मुली कंटाळल्या, त्यांना तिसऱ्याच दिवशी एकटं जायचं होतं. मग मी सरांना सांगितलं की सोडायचं केव्हा हे शिकणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि काहीजण ते लवकर ठरवतात. जुलैपर्यंत त्यांना तोल सापडला. आता ते प्रत्येकीला आधी विचारतात, पाठीखाली हात दिला तर चालेल का. कुणी नको म्हणालं तर बोर्ड देतात नाहीतर आक्कांना हाक मारतात.

आज असतो तर काय वेगळं केलं असतं

सोळाजणींना एक प्रशिक्षक देणार नाही, हे पहिलं. आठच्या वर नाही. यात पैशाचा प्रश्न येतो, आणि तलाव चालवणाऱ्यांशी माझं त्यावरून बरंच वाजलं. तरी मी यावर ठाम आहे. तीन मिनिटांत माणसाचे पाय दिसतात, चेहरा दिसत नाही.

एक गोष्ट मी चुकीची केली, ती आजही टोचते. काकूंशी बोलणं झालं त्याच दिवशी मी सरांना सगळ्या बॅचसमोर काकूंची माफी मागायला लावली. मला वाटलं, चूक सगळ्यांसमोर झाली तर माफीही सगळ्यांसमोर. सर खाली मान घालून दोन वाक्यं बोलले. काकू त्यांच्यापेक्षा जास्त अवघडल्या, "अहो असू दे, असू दे" म्हणत बाकावरून उठून गेल्या. आपल्यामुळे पोराला मान खाली घालावी लागली, हे ओझं त्यांच्यावर आणखी चढलं. दोघांना माझ्या खोलीत बसवून, चहा देऊन, मी बाहेर जायला हवं होतं. आणि सरांच्या आधी माफी मी मागायला हवी होती, कारण नवशिक्यांसमोर त्यांना काहीही न शिकवता मी उभं केलं होतं.

पहिल्याच दिवशी प्रत्येकीची उंची बघून, तिचे पाय कुठपर्यंत घट्ट टेकतात ती जागा तिला दाखवायला हवी. आता आम्ही काठावर रंगाने फूट लिहिलेत आणि त्या जागेपासूनच सुरुवात होते. उभं राहणं पहिल्या दोन दिवसांत येतं. बोर्ड त्यानंतर.

आक्कांच्या बाबतीत मात्र मी कमी पडलो. जवळपास दोन आठवडे त्या रोज पाऊण तास पाण्यात होत्या, स्वतःच्या कामाचे तास संपल्यावर. त्याचे पैसे त्यांना मिळाले नाहीत. त्यांनी मागितले नाहीत आणि मला सुचलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची जागा "सहाय्यक प्रशिक्षिका" अशी करून घ्यायला सहा महिने कागद फिरवावे लागले. जीवरक्षणाचं प्रशिक्षण त्यांनी त्या पावसाळ्यात पूर्ण केलं. लेखी परीक्षेची तयारी काकूंनी करून घेतली, शाळा सुटल्यावर, तलावाच्या ऑफिसात बसून.

फॉर्मवर आता दोन प्रश्न वाढवले आहेत: पोहायला का शिकायचं आहे, आणि आधी कधी पाण्यात घाबरलात का. बहुतेक बायका दुसरी जागा कोरी सोडतात. म्हणून पहिल्या दिवशी आक्का पाण्याच्या पायऱ्यांवर प्रत्येकीशेजारी बसतात, पाय पाण्यात सोडून, आणि तोच प्रश्न बोलण्याबोलण्यात काढतात. उत्तर आलं की ते सरांपर्यंत पोचतं. कधी विहिरीत ढकललेलं असतं, कधी माहेरच्या ओढ्याला आलेलं पाणी. मागच्या बॅचला एकीने वीस मिनिटं काहीच सांगितलं नाही, नुसते पाय हलवत बसली. आक्कांनी त्या दिवशी तिला पाण्यात उतरवलंच नाही.